सद्गुरु नगरची अर्धी पाटी

मी दारूच्या थेंबालाही कधी शिवलेलो नाही. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं सगळं वाचून मगच घेतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही हकिकत ऐकताना लोक मध्येच डोळे बारीक करून विचारतात, "पण सोनवणे, पाहुण्यांपुरती तरी ठेवत असाल ना?"

नाही ठेवत. घरात ताक असतं. तेही पुढं येईलच.

सुरतजवळ चलथाणला, हायवेच्या कडेला, सद्गुरु नगर नावाची आमची सोसायटी आहे. बहुतेक बिऱ्हाडं खानदेशची. कुणी साखर कारखान्यात, कुणी लूमवर, आणि मी पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये टाइमकीपर. घर घेतलं तेव्हा दलालानं ते 'हायवे टच' असल्याचं फार कौतुकानं सांगितलं होतं. त्याचा नेमका अर्थ मला एका सकाळी समजला, जेव्हा एक ट्रक खरोखरच टच झाला.

ट्रक सोसायटीची भिंत पाडून आत आला आणि शेजारच्या मालतीबाईंनी वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर उभा राहिला. कुणाला खरचटलंही नाही. ड्रायव्हर मोठ्या अदबीनं खाली उतरला, मालतीबाईंना नमस्कार केला आणि म्हणाला, "माँजी, वापी आ गया क्या?"

मालतीबाई म्हणाल्या, "वापी नही रे भाऊ, ह्या पापड शेतस."

तो त्यावर समाधान पावून चाकाला टेकून झोपला. वास पार आमच्या ओट्यापर्यंत येत होता.

त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर सोसायटीची सभा भरली. मी सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्याचा ओटा सगळ्यात मोठा असतो तो. दत्तूभाऊ म्हणजे समोरच्या घरातले गृहस्थ. पेपर शेवटच्या पानापासून वाचतात आणि त्यामुळे सगळ्या गोष्टींचा शेवट त्यांना आधी ठाऊक असतो. ते म्हणाले, "बाहेरच्या राज्यांत म्हणे नियम करतात. हायवेच्या जवळ दारूचं दुकान नको, लांब न्या. ड्रायव्हर लोक पितात, अपघात होतात."

"मग आपल्याकडेही करायला लावू," मी म्हणालो.

"आपल्याकडे दुकानच नाही. गुजरातेत दारूबंदी. जे नाहीच ते लांब कसं नेणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. पण मग तो ड्रायव्हर काय पिऊन पापडांवर आला, हाही मुद्दा उरत होता. हायवेच्या कडेला बाभळीमागं सोड्याची एक टपरी होती; तिथं सोड्याशिवाय काय मिळतं, हे अख्ख्या चलथाणला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून हायवेवरच्या चौकीत गेलो. तिथं हवालदार छोटुभाई बसले होते. गोरे, गोल, शांत गृहस्थ. मी तक्रार सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "काका, आपडा गुजरातमां दारू छे?"

"कायद्यानं नाही."

"तो पछी? जे चीज छेज नहीं, तेनी फरियाद केम लेवी?"

मी बाहेर आलो तेव्हा मला वाटत होतं की चूक बहुधा माझीच आहे.

तेव्हा सभेनं ठरवलं की सरकारवर विसंबून राहू नये, आपणच हायवेवर एक इशाऱ्याची पाटी लावावी. इतकं साधं काम. आमच्या हिनं, म्हणजे लीलानं, तेव्हाच विचारलं होतं, "पाटी वाचून कुणी दारू सोडतं का?" पण समाजकार्यात घरच्यांचं ऐकायचं नसतं, असा एक समज मी बाळगून होतो.

रस्त्याच्या कचेरीत कळलं की हायवेच्या हद्दीत खाजगी पाटी लावता येत नाही. का, तर ड्रायव्हरचं लक्ष विचलित होतं. "लक्ष जावं म्हणूनच लावायची आहे," मी म्हणालो. कारकून म्हणाला, "हेच तर मी म्हणतोय." शेवटी त्यानंच दया येऊन तोडगा सुचवला: हद्दीच्या बाहेर, स्वतःच्या जागेत, काय पाहिजे ते लावा. सद्गुरु नगरात हायवेवरून दिसणारी स्वतःची जागा एकाच माणसाची होती. हायवे टच.

पाटी माझ्या गच्चीवर लागणार म्हटल्यावर सगळ्यांचा उत्साह एकदम वाढला. वाद सुरू झाला भाषेवर. दत्तूभाऊंना मराठी हवी होती, कारखान्यातल्यांना गुजराती, आणि ट्रकवाले तर पंजाबपासून मद्रासपर्यंतचे, म्हणून मला हिंदी. दोन सभा नुसत्या भाषेवर झाल्या. तिन्ही पक्षांचं एकाच शब्दावर एकमत झालं. दारू. तो तिन्ही भाषांत सारखा. तेव्हा तो शब्द सगळ्यात वर, सगळ्यात मोठा, लाल रंगात लिहायचा आणि बाकीचं हिंदीत खाली, असा ठराव पास झाला. शिवाय दत्तूभाऊ म्हणाले, एवढा खर्च होतोच आहे तर सोसायटीचं नाव आणि बाण टाकून घ्या. पाहुण्यांना घर सापडत नाही. तोही पास झाला.

पाटी रंगवायला लोटू पेंटरला दिली. लोटूचा हात सोन्याचा. पण तो हात कामावर कधी येईल हे लोटूलाही सांगता येत नाही. पाटी मोठी असल्यामुळे त्यानं दोन पत्रे घेतले. वरचा पत्रा झाला तो बघून आमचे डोळेच दिपले. असा 'दारू' शब्द मी आजवर कुठंही बघितला नाही. लाल, टपोरा, उकाराला सोनेरी कड आणि अक्षरांवर दवबिंदूंसारखे थेंब. त्याखाली हिरवा बाण आणि 'सद्गुरु नगर'.

खालचा पत्रा बघितला तर त्यावर लिहिलेलं होतं: 'पीकर गाड़ी चलाइए'.

"लोटू," मी म्हणालो, "यात 'मत' राहिलंय."

लोटूनं मान तिरकी करून पाहिलं. "व्हय. पन भाऊ, जागा कुठं शे? समदं पुन्हा लिवनं पडी." आणि तो खालचा पत्रा सायकलला बांधून घेऊन गेला.

वरचा पत्रा तोवर गच्चीवर लोखंडी अँगलला पक्का ठोकून झाला होता. दत्तूभाऊ म्हणाले, राहू द्या, अर्धा इशारासुद्धा इशाराच असतो. त्यांनीच हौसेनं वर एक ट्यूबलाइटही लावून दिली.

पहिलं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दुपारी आलं. मी पेपर वाचत ओट्यावर बसलो होतो. एक सरदारजी फाटकातून आत आले, चपला काढल्या, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शेठ, हाफ मिलेगा?"

मी उठून उभा राहिलो. ही समाजसेवेची पाटी आहे, दारूनं संसार कसे धुळीला मिळतात, हे मी त्यांना माझ्या हिंदीत समजावून सांगितलं. सरदारजींनी सगळं ऐकून घेतलं. मग आजूबाजूला पाहून डोळा मारला. "समझ गया. पुलिस का लफडा है. शाम को आऊँ?"

पुढं हे रोजचंच झालं. मी जितका नकार द्यावा तितका त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढे. नंतर कळलं की ट्रकवाल्यांत माझी अशी कीर्ती पसरली होती की चलथाणचा चष्मेवाला शेठ फार सावध आहे, अनोळखी माणसाला देत नाही, पण माल अस्सल असणार. काही जण ओळख पटवण्यासाठी कुणाकुणाची नावं घेऊन येत. एकजण तर सद्गुरु हा परवलीचा शब्द असावा असं समजून फाटकात उभा राहून 'सद्गुरु, सद्गुरु' असं हळूच म्हणत होता. मालतीबाईंना तो भजनी वाटला. त्यांनी त्याला साखरफुटाणे दिले.

लीलानं मात्र वाद घालणं सोडूनच दिलं. आलेल्या माणसाला ती ओट्यावर बसवायची आणि जिरं-मीठ घातलेल्या ताकाचा लोटा पुढं ठेवायची. "उन्हातून आलेला माणूस दारातून परत कसा पाठवायचा?" तिचं म्हणणं. बहुतेक जण पहिला घोट घेऊन दचकत, मग दुसरा लोटा मागत. काही तिथंच आडवे होऊन तासभर झोप काढत आणि उठून आपल्या वाटेनं जात. माझा ओटा म्हणजे धर्मशाळा झाली होती. मिलमध्ये खात्यातली माणसं मला नमस्कार करताना हसू लागली. मॅनेजरनं एकदा केबिनमध्ये बोलावून, दार लावून, घरी मुलीचं लग्न असल्याचं सांगितलं आणि 'काही सोय होईल का' असं विचारलं. इतक्या वर्षांत त्या माणसानं मला बसायला खुर्ची दिली नव्हती. त्या दिवशी दिली.

आणि मग छोटुभाई आले. आल्या आल्या ते बराच वेळ वर बघत उभे राहिले. रागापेक्षा त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसत होतं.

"काका, छुपाईने वेचे एवा बहु जोया. बोर्ड मारीने, लाइट करीने, पहेली वार जोयो." चोरून विकणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते; पाटी आणि दिवा लावून विकणारा मी पहिलाच.

"पण छोटुभाई, इथं दारू नाहीच, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"दारू नथी. बोर्ड तो छे ने?"

त्यांनी रीतसर झडती घेतली. कोठीत ज्वारी निघाली, माठात पाणी निघालं, पातेल्यात ताक निघालं. नमुना म्हणून त्यांनी एक लोटा प्यायला, खात्री करण्यासाठी दुसरा प्यायला, आणि मिशा पुसत म्हणाले, "बेन, जिरू शेकीने नाखो छो?" लीला म्हणाली, हो, भाजूनच घालते. चौकीतल्या साहेबांनी मात्र मला बोलावून ठणकावलं: हायवेवर दारूची जाहिरात हा गुन्हा आहे. एक तर पाटी पुरी करा, नाहीतर उतरवा.

उतरवायला गेलो तर पत्रा अँगलला कायमचा ठोकलेला आणि अँगल दत्तूभाऊंनी सिमेंटात गाडून ठेवलेले. पुरी करायला गेलो तर लोटू साळ्याच्या लग्नाला शिरपूरला गेलेला. आणि अशात पारोळ्याहून निरोप आला की निंबातात्या रविवारी मुलाला घेऊन आमच्या गायत्रीला बघायला येताहेत.

इथं मला हसू येईनासं झालं. गायत्री आमची एकुलती एक. बी.कॉम. झालेली, शांत, आणि शांतपणे मनासारखं करून घेणारी. त्या मुलाचं, अमोलचं, स्थळ तिलाही पसंत पडण्यासारखं होतं. आणि मुलाचे वडील निंबातात्या म्हणजे निवृत्त हेडमास्तर, तालुक्याच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. ज्या घरात सुपारी खातात त्या घरी पाणीही घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

शनिवारी मी पाटीवर लीलाचं जुनं नऊवारी लुगडं बांधलं. रविवारी सकाळी वारा सुटला. नऊवारी अर्धं सुटून फडफडू लागलं आणि त्यामागून 'दारू' कधी दिसे, कधी लपे. नुसत्या पाटीकडं न बघणारेही आता गाड्या हळू करून बघू लागले.

दुपारी पाहुण्यांची जीप आली. तात्या, अमोल आणि अमोलचे मामा. तात्या उतरले, पांढरं धोतर, काळी टोपी, आणि माझ्या गच्चीकडं बघत उभे राहिले. नमस्कार झाल्यावर म्हणाले, "नाक्यावर तुमचं नाव विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं. मग एकानं विचारलं, चष्मेवाले का? आणि बाण दाखवला."

"तात्या, त्याचं असं आहे—"

"बसून बोलू," तात्या म्हणाले. हेडमास्तर मुलाला छडीआधी असंच म्हणतात.

आत पोहे आले, चहा आला. गायत्री येऊन बसली. मी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. पापड, वापी, ठराव, लोटू. खरी गोष्ट सांगताना ती इतकी खोटी वाटू शकते हे मला त्या दिवशी कळलं. तात्या फक्त 'हं' म्हणत होते. मुलाचे मामा तेवढे लक्ष देऊन ऐकत होते. मी पाणी आणायला आत गेलो तर ते मागोमाग आले आणि कानाशी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. तात्यांसमोर तसंच सांगायला पाहिजे. पण आहे कुठं?"

मी त्यांच्या हातात ताक दिलं.

तेवढ्यात बाहेर ब्रेक करकचले. हायवेच्या कडेला एक ट्रक तिरका होऊन थांबला होता, इंजिन चालूच. मागं ऊसतोडीची माणसं दाटीवाटीनं उभी. बायका, कडेवरची पोरं, भांडी, कोयते. कारखान्यावर निघालेली टोळी. ड्रायव्हर फाटक धरून धरून आत आला. त्याला पाटी दोनदा दिसत असावी. "शेठ," तो म्हणाला, "जल्दी. बस एक."

मी बोलायला तोंड उघडलं. तात्या उठले. मामाही उठले. आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे राहिलो आणि पुढं काय करायचं ते कुणालाच सुचेना. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत कडेनं जात होते.

गायत्री कधी उठली ते मला कळलंच नाही. नवी साडी गुडघ्याशी गोळा करून ती ट्रकच्या केबिनमध्ये चढलेली मी पाहिली. इंजिन बंद पडलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात किल्ली होती.

"ताई, किल्ली द्या," ड्रायव्हर म्हणाला.

"झोपून उठा, मग देते."

"उशीर होईल. मुकादम ओरडेल."

"ओरडू दे. ट्रकमध्ये लेकरं आहेत. तुम्हाला ती मोजता तरी येतात का आत्ता?"

त्यानं वळून ट्रककडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो ओट्यावर खाली बसला. लीलानं लोटा पुढं केला.

हीच वेळ साधून तात्यांनी आपलं भाषण सुरू केलं. ते तालुक्यात नावाजलेलं भाषण होतं. 'मित्रा, हा देह म्हणजे मंदिर आहे,' इथून सुरुवात. मंदिराच्या पायऱ्या चढून होण्याआधीच ड्रायव्हर गाढ झोपला होता. तात्या मध्येच थांबले. त्यांना त्या जागी थांबायची सवय नसावी, कारण पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तसंच राहिलं.

गायत्रीनं तोवर टोळीला खाली उतरवून भिंतीच्या सावलीला बसवलं होतं. पाहुण्यांसाठी केलेले पोहे पोरांना गेले. लीलानं पुन्हा फोडणी टाकली. मालतीबाई परातभर भाकरी घेऊन आल्या. अमोल आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्यानं बाह्या दुमडल्या, बादल्या उचलल्या आणि हापशावरून पाणी आणायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गायत्री बघत होती. मी तिच्याकडं बघत होतो.

छोटुभाईही आले. खरा प्यालेला माणूस बघून त्यांची फार अडचण झाली. हा कुठं प्यायला, असं लिहायचं तर दारू होती असं होतं. शेवटी त्यांनी 'उन्हामुळे चक्कर' अशी नोंद केली आणि कारखान्यातून दुसरा ड्रायव्हर मागवून टोळी पोचती केली.

जीपमध्ये बसताना तात्या म्हणाले, "सोनवणे, इतकी वर्षं भाषणं केली. ऐकायला यायचे ते सगळे न पिणारे. पिणारा माणूस आपल्या पायांनी दारात आलेला आज पहिल्यांदा बघितला." मग त्यांनी गायत्रीकडं पाहिलं आणि विचारलं, "तुला आमचं घर चालेल का, बाळ?"

गायत्री म्हणाली, "विचार करून सांगते." रात्री भांडी घासताना आईला म्हणाली, "बादल्या न सांडता आणल्या त्यानं." लीलानं तो होकार समजला आणि तो होकारच होता. वैशाखात लग्न झालं.

लग्नाआधी लोटू खालचा पत्रा घेऊन आला. 'मत' सकट. पाटी पुरी झाली. चौकीतल्या साहेबांनी स्वतः येऊन पाहिली, दत्तूभाऊंनी हार घातला, रस्त्याच्या कचेरीतला तो कारकून सुद्धा चहाला थांबला. माझा गेलेला मान परत आला. मिलमध्ये मॅनेजरनं पुन्हा खुर्ची देणं बंद केलं.

आणि त्या दिवसापासून आमच्या फाटकाशी एकही गाडी थांबली नाही. लीला सवयीनं ताक घुसळायची, पातेलं झाकून ठेवायची, आणि संध्याकाळी मालतीबाईंकडं पोचवायची. सगळे ट्रकवाले पाटी वाचून, फार तर क्षणभर हसून, भरधाव पुढं निघून जात.

पावसाळ्यानंतर पुन्हा उसाचा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात कारखान्याच्या वळणावर एका ट्रकनं उसाची बैलगाडी उडवली. बैल वाचले. गाडीवानाचा हात मोडला. ट्रकचा ड्रायव्हर प्यालेला होता. छोटुभाई ताकाला आले तेव्हा त्यांनी सांगितलं की, सद्गुरु नगरची पाटी वाचली नाहीस का, असं त्यांनी त्याला विचारलं होतं.

"शुं बोल्यो?" मी विचारलं.

"कहे, वांची. बहु सारा अक्षर छे." म्हणजे पाटी त्यानं वाचली होती, आणि अक्षर त्याला फार सुरेख वाटलं होतं.

छोटुभाई गेले. लीलानं ताकाचं पातेलं ओट्यावर आणून ठेवलं. तिनं आतून शिडी आणून भिंतीला लावली, पान्हा माझ्या हातात दिला आणि शिडी घट्ट धरून उभी राहिली. मी वर चढलो. खालच्या पत्र्याचे नट गंजले होते. पहिला सुटायला बराच वेळ लागला.

मालतीबाई दारात येऊन वर बघू लागल्या. "काय करी ऱ्हायनात, भाऊ?"

"खालचा रंग उडालाय," मी म्हणालो. "दुरुस्तीला काढतोय."

"कवय लावशात परत?"

मी दुसऱ्या नटाला पान्हा लावला.

"ते सगळं लोटूवर आहे," मी म्हणालो.